हातचा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
अशा वेळी माणूस गेलेला असतो, नाहीतर डिस्क.

क्लाक्सविकच्या धक्क्यावर वारा असा
की गाडीचं दार उघडायला दोन्ही हात लागले.
लिलावघराच्या मागची खोली, बर्फयंत्राला लागून,
तिथून आवाज येत होता :
टक्, टक्, मग थांबून, टक्.
आंधळ्याने काठीने उंबरठा चाचपावा तसा.

दोघी जुळ्या होत्या. एकीत लिहिलं की दुसरीत उमटायचं.
पहिली जाऊन बारा दिवस झाले होते.
तिची बदली डेन्मार्कहून निघाली
आणि वादळात बोटीसकट कुठेतरी अडकली.
नारिंगी दिवा लुकलुकत राहिला,
आम्ही त्याच्याखाली डबे खाल्ले.

"आरसा म्हणजे राखण नव्हे," बेर्गल्योत म्हणायची,
"तू तोंडाला काजळी फासलीस
तर आरसा ती पुसून देत नाही, रोग्वी."

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
ती चालू यंत्राची वायर उपटायची.
"समज, हा मेला. उभा कर."
आणि अंडी उकडायचं घड्याळ टेबलावर ठेवायची.
मी मनातल्या मनात तिला काय काय म्हणायचो!
पहिल्या खेपेला सहा तास लागले,
आणि सहा तासांनी कळलं
की आठ महिने, रोज दुपारी बाराला, न चुकता,
आम्ही मन लावून काहीच साठवत नव्हतो.
फाइली होत्या. आत रिकाम्या.
ती एक शब्द बोलली नाही. कॉफी ओतली.
तो घोट अजून घशाशी आहे.

शाळेच्या बाई झोपेतच दार उघडतात.
त्यांच्या कपाटात, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून,
आमची कालची दुपार ठेवलेली असते.
बेरीज करताना हातचा एक धरतात ना,
तेवढीच. मुठीत मावणारी.

टेबलाखालचं जुनं यंत्र ओढून काढलं,
माशांच्या खोक्याचं झाकण बाजूला केलं, काडी खोचली,
कुठून, कुठे, हे तीनदा वाचलं.
(उलटं झालं तर रिकाम्यानं भरलेलं पुसलं जातं.)
मग एन्टर.
चार टक्के. नऊ.
बाहेर हॅडॉक भरलेली एक नाव लागत होती.
एकतीसवर पाच मिनिटं अडकलं,
तेवढ्यात मी नखं संपवली.
एक तास चौदा मिनिटं.

मग दुपारनंतरच्या वजनाच्या चिठ्ठ्या,
ओल्या, खवल्यांचा वास असलेल्या,
एकेक करून आत घातल्या. अकरा नावा.
कॉड, लिंग, पुन्हा कॉड.
आणि यादीत खाली उतरताना
हायनी भेटला.

नाव चाल्दुर, मालक हायनी, परवाना चालू.

त्याला काल तीन वाजता मी स्वतः काढलं होतं,
दफनावरून येऊन, काळा कोट न उतरवता.
पण प्रत बाराची. बाराला तो यादीत होता,
फोन नंबरसकट, आणि शेऱ्याच्या रकान्यात बेर्गल्योतच्या स्पेलिंगमध्ये :
"सकाळी आठच्या आधी फोन करू नये, खवळतो."

सहाला खरेदीदार आले, बूट आपटत, बर्फ झाडत.
पडद्यावर आकडे पळू लागले.
कोणाला काही कळलं नाही.
आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

"चाल्दुर राहिलीय," बेर्गल्योत माझ्या खांद्यावरून म्हणाली.
"हो," मी म्हणालो.
तिने घड्याळाकडे पाहिलं आणि कॉफी ओतली.

मी बारा वाजू दिले.
दुपारची प्रत पुरी निघाली,
उघडून पाहिली, भरलेली होती,
मोज्यात घालून बाईंकडे पोचवली.
मग परत येऊन ती ओळ पुसली.

प्रती तीस दिवस टिकतात.
एकतिसाव्या दिवशी जुनीवर नवी बसते.